मधोमध बसवलेली घंटी

मी एका सायकलची जुनी घंटी आहे. आज माझा आवाज जरा चढलेला आहे, तेवढं सांभाळून घ्या, मित्रांनो. काल मी इतकी वाजले, की माझी वाटी अजून झणझणते आहे.

कारखान्यातून मी सायकल दुरुस्तीच्या एका दुकानात आले. दुकानदाराने मला आपल्या लेकीच्या सायकलसाठी निवडलं. लेक ताडमाड उंच, म्हणून सगळे तिला लंबू म्हणत. तिची जिवलग मैत्रीण समोरच्या घरातली, अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून मिरची. लंबूने पेडल मारायचं आणि मिरचीने पुढच्या दांडीवर बसून घंटी वाजवायची, अशी त्यांची वाटणी होती. म्हणून मिरचीने हट्ट धरला, की मला मुठीजवळ न लावता हँडलच्या मधोमध लावायचं.

"अगं, तिथे चालवणाऱ्याचा अंगठा पोचतो का?" दुकानदाराने विचारलं.

"माझा पोचतो ना, काका."

झालं, मी मधोमध बसले. काय थाट होता माझा! मिरची मला कुत्र्यांसाठी वाजवायची, ओळखीच्यांसाठी वाजवायची, उगीचही वाजवायची. चढ आला की ती ठेका धरायची, एका ट्रिंगला एक पेडल. इस्पितळाचा चढ मात्र त्यांना कधी जमला नाही. अर्ध्यावर लंबूचे पाय टेकायचेच. मग दोघी हसत सायकल ढकलत न्यायच्या.

पुढे मिरची आजारी पडली. त्याच इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात ती बरेच दिवस होती, आणि तिथून घरी आलीच नाही. त्यानंतर एकदा लंबूचा हात लागून मी वाजले. समोरच्या खिडकीत मिरचीची आई मशीनवर शिवत बसली होती. ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. तेव्हापासून लंबूने मला हात लावला नाही. मी गंजत गेले. वाईट वाटायचं, पण राग तरी कुणाचा धरू?

यंदा लंबूने एक गोष्ट मनावर घेतली. वॉर्डात खेळायला काहीच नाही, सगळे नुसते छताकडे बघतात, असं मिरची सांगायची. तिथे खेळांची खोली व्हावी म्हणून लंबू मिरचीच्या आठवणीत सायकल चालवणार होती. सगळ्या वस्तीला वळसा आणि शेवटी तो चढ, तोही पाय न टेकवता. जमलं तर गल्लीतली माणसं त्या खोलीसाठी पैसे देणार होती. दुकानदाराने मला घासलं, तेल दिलं आणि मुठीजवळ सरकवायला पाना काढला. लंबूने त्याचा हात धरला. मिरचीची जागा हलवायची नाही, म्हणाली. मिरचीच्या आईला बोलवायला ती दारापर्यंत गेली, पण कडी न वाजवताच परत फिरली.

काल सकाळी निघालो! वारा पाठीशी, गल्लीतली पोरं मागे, आणि दुकानदार पंच म्हणून स्कूटरवर. मी तेवढी मुकी. चढ लागला तशी लंबू उभी राहून पेडल मारू लागली. अर्ध्यावर, नेहमीच्याच जागी, चाक डगमगलं. दोन्ही मुठी गच्च धरलेल्या, मला वाजवणार कोण? माझा जीव स्प्रिंगमध्ये अडकला.

तेवढ्यात कडेच्या गर्दीतून कुणीतरी धावत आलं. मिरचीची आई! चपला तिथेच टाकलेल्या, मापाची टेप गळ्यात तशीच. सायकलच्या बरोबरीने पळत तिने हात लांबवला आणि मला वाजवलं. ट्रिंग. लंबूने पेडल मारलं. पुन्हा ट्रिंग, पुन्हा पेडल.

"काकू, तुम्ही रागावला नाहीत?"

"बोलू नकोस, दम जाईल. मार पेडल."

हा ठेका काकूंना कसा ठाऊक, ते मागाहून कळलं. वॉर्डात मिरची चमच्याने पलंगाच्या दांडीवर हाच ठेका वाजवायची.

आम्ही फाटकातून आत शिरलो, पाय न टेकवता! ही मदत झाली, असं कुणीतरी कुरकुरलं. पंचाने सांगून टाकलं, की सायकलला कुणाचा हात लागलेला नाही, आणि घंटी आमच्याकडे पहिल्यापासून चालवणारी नाही, दुसरीच कुणीतरी वाजवते. खेळांची खोली होणार. सायकल थांबली तरी काकू मला वाजवतच होत्या. त्या हसतही होत्या आणि रडतही होत्या.

मित्रांनो, आपल्या घंटीला अधूनमधून तेलाचा थेंब देत जा. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्यांच्या दारावरून गुपचूप जाऊ नका, हाक मारा. आज सकाळी लंबूने कडी वाजवली. काकू बाहेर आल्या, मला एकदा वाजवलं आणि म्हणाल्या, "जा आता, शाळेला उशीर होईल. उद्या थांबशील ना?"