पैलवानाची मान

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो. स्टीलचा, एका कडेला पोचा गेलेला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. सुतारकाकांच्या घरी आलो आणि पैलवानाच्या वाट्याला गेलो. पैलवान म्हणजे त्यांचा दोन वर्षांचा तपकिरी कुत्रा. तो मला चाटून इतका लख्ख करायचा, की काका काकूंना म्हणायचे, "तुझ्या घासण्यापेक्षा बरं!"

"मग उद्यापासून तुमचं ताटही त्यालाच देते," काकू म्हणायच्या.

एका सकाळी तो माझ्यापाशी आला आणि नुसताच उभा राहिला. भूक होती, लाळ माझ्यात ठिबकत होती. पण मान खाली येईना. मी खालून पाहत होतो, म्हणून त्याचे डोळे मला दिसले. वरून कुणाला दिसले नाहीत.

"मिजास बघा! वाकायलाही नको साहेबांना," काकू हसल्या.

काकांनी दुपारपर्यंत मला चपखल बसेल अशी तिवई केली. पैलवान उभ्या उभ्या जेवला. शेजारीपाजारी बघायला आले. मलाही उंचावर बसून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चार दिवस गेले. पैलवानाचं अंग तापलं. पाठीची कमान करून तो ताठ पायांनी चालू लागला. काकांच्या लेकीने त्याच्या गळ्यात हात टाकले, तर असा केकाटला की काकांच्या हातून रंधा निसटला. मग तिच्यावरच गुरगुरला.

"लाडावलाय," काका म्हणाले.

काकूंनी चपला घातल्या. "लाडावलेलं जनावर थरथरत नाही हो. उचला त्याला."

दोघं परतले ते त्याला दवाखान्यात ठेवूनच. काका माझ्यासमोर मटकन बसले.

"मेंदूच्या आवरणाला सूज आहे," ते लेकीला म्हणाले. "मेनिंजायटिस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान वाकत नव्हती तर तुम्ही वाडगा वर आणलात. त्याच दिवशी कुत्र्याला आणायचं होतं."

अकरा दिवसांनी पैलवान आला. हाडं मोजावीत असा. औषधं अजून कित्येक महिने आहेत, आणि दुखणं उलटणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही. काकूंनी मला जमिनीवर ठेवलं. मान अर्ध्यावर थांबली. मग हळूहळू खाली आली.

मित्रांनो, तुमचं जनावर खाण्यापाशी येऊन नुसतं उभं राहिलं, मानेला हात लावू देईना, तापलं, थरथरलं, तर त्याची सोय करत बसू नका. त्याला दवाखान्यात न्या. आम्हां मुक्यांना एवढंच सांगता येतं.

या घरात आता पैलवान वाकेपर्यंत कुणी पहिला घास उचलत नाही.