ओढणीला लावलेलं अत्तर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या थोरल्या जावेच्या घरात पाऊल टाकायच्या आधी अस्मिता दारातूनच विचारायची, "ताई, उदबत्ती लावलीय का हो?" आणि आत कालिंदीबाईंच्या कपाळाला आठी पडायची. देवापुढच्या उदबत्तीची परवानगी आता धाकट्या जावेकडनं घ्यायची व्हय?

तुमच्याआमच्या घरातही असं एखादं माणूस असतंच की. कुणाला धूळ सोसत नाही, कुणाला शेंगदाणा. त्याच्या तोंडावर आपण 'हो का?' म्हणतो आणि पाठ फिरली की म्हणतो, 'नखरे, दुसरं काय!' कालिंदीबाईंना पाठ फिरायची वाट बघायचीही गरज वाटत नसे. बाई मनानं मोठी. दारात आलेल्याला चार घास खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. पण सुवासानं माणसाला दम लागतो हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. "वासानं कुणाला काय झालंय का? आमच्या माहेरात परसभर मोगरा हुता, कुणी साधं शिंकलं न्हाय!"

त्यांचे यजमान त्र्यंबकराव बँकेतून निवृत्त झाले आणि दोघा भावांच्या घरांनी मिळून मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची सहल ठरवली. त्याच टूरमध्ये कोल्हापूरची आणखी बरीच मंडळी होती. दिवस संक्रांतीनंतरचे. कालिंदीबाईंनी बॅगेत तिळगूळ घेतला, वाणाला डब्या घेतल्या आणि साडीच्या घडीत गुंडाळून सासूबाईंची चांदीची अत्तरदाणी-गुलाबदाणी घेतली. भर समुद्रात हळदीकुंकू करायचं, म्हणजे गावभर नाव व्हायला पाहिजे!

अस्मिताची बॅग वेगळीच होती. बिनवासाचा साबण, घरची उशीची खोळ, इनहेलर. खोलीत सेंट फवारू नका म्हणून तिनं टूरवाल्यांना आधीच फोन करून सांगितलं होतं. जेवायला ती गर्दी व्हायच्या आत जायची. डेकवर वारा येतो त्या अंगाला बसायची. लिफ्टमध्ये शिरायची वेळ आलीच तर सुती ओढणीची घडी नाकाला लावायची. कुणाला त्रास नाही, कुणाकडे मागणं नाही. पेठ वडगावच्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोलाच्या तासाला समुद्र शिकवणाऱ्या त्या बाईनं समुद्र पहिल्यांदा इतका पोटभर बघितला. कठड्याला टेकून ती म्हणाली, "ताई, एवढं मोठं पाणी, पण याला कुणी सेंट मारलेला नाही बघा!" कालिंदीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जहाजावरच्या छोट्या हॉलमध्ये बायका जमल्या. हळदीकुंकू, मनगटाला अत्तर, वर गुलाबपाणी. सगळं रीतीनं चाललं होतं. अस्मिता दाराशीच थांबली. "ताई, मला नुसतं हळदीकुंकू लावा. अत्तर नको."

शाहूपुरीतल्या अवंतिकाबाई खुदकन हसल्या. "काय कालिंदीताई, तुमच्या घरातच तुमचं अत्तर चालत न्हाय व्हय?"

बायका हसल्या. कालिंदीबाईंना ते हसणं झोंबलं. अस्मिताला बिचारीला काय कल्पना! बाहेर डेकवर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना द्यायला ती तिळगुळाचं ताट घेऊन गेली. ओढणी दाराजवळच्या खुर्चीच्या हातावर राहिली. कालिंदीबाईंनी इकडेतिकडे बघितलं, अत्तरात बुडवलेला कापसाचा फाया उचलला आणि ओढणीच्या टोकाला टेकवला.

एकच थेंब! हिला कळणारसुद्धा नाही. मग रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगायचं, बघ, इतका वेळ अत्तर अंगावर घेऊन हिंडलीस, काय झालं तुला? खूळ एकदाचं निघून जाईल. तिच्याच भल्याचं आहे की!

हळदीकुंकू आटोपून सगळ्याजणी लिफ्टमध्ये शिरल्या, ओढणी उचलून अस्मिताही. गर्दी झाली तशी अस्मितानं सवयीनं ओढणी नाकाला लावली. नेमकं तेच टोक! आधी एक ठसका आला. मग दुसरा. वास या बायकांच्या अंगाचा आहे असं समजून तिनं ओढणी आणखी घट्ट दाबली. जितकी दाबावी तितका खोकला, आणि जितका खोकला तितकी ती दाबत होती. कालिंदीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं, आणि तरी क्षणभर वाटलं, सोंग असेल. मग तिचे ओठ निळसर दिसायला लागले.

"सोड! सोड ती ओढणी!" कालिंदीबाईंनी ती हिसकावून घेतली.

इनहेलरनं भागलं नाही. जहाजाच्या दवाखान्यात अस्मिताच्या तोंडाला वाफेच्या औषधाचा मास्क लावला. बऱ्याच वेळानं तिची छाती शांत झाली. डॉक्टरांनी विचारलं, "कशामुळं झालं हे? कारण कळलं तर पुन्हा टाळता येईल."

"लिफ्टमध्ये बायकांच्या अंगाला अत्तर होतं," अस्मिता म्हणाली. "माझंच चुकलं. जिन्यानं जायला पाहिजे होतं."

कालिंदीबाईंच्या मुठीत ओढणीचा बोळा होता.

अस्मितानं त्यांचा हात धरला. "ताई, तुम्ही ओढणी काढलीत म्हणून वाचले मी. पण आता मुंबई येईपर्यंत खोलीतच बसते. एवढी काळजी घेऊनही हे झालं, म्हणजे मी घराबाहेर पडायच्याच लायकीची नाही. परत नाही कुठं यायची." तिचा नवरा सौमित्र, त्र्यंबकरावांचा धाकटा भाऊ, मान खाली घालून बसला होता. तिनं उपकार मानले होते! कालिंदीबाईंना तिथं उभं राहवेना.

खोलीत येऊन त्यांनी नळ सोडला आणि ओढणी खसाखसा घासायला घेतली. अत्तर चांगल्या प्रतीचं होतं. वास जाईना. त्र्यंबकराव दारात येऊन उभे राहिले.

"हे काय धुतीस? आणि अत्तराचा वास कसला?"

लपवायचं म्हटलं तरी लपेना. बाई रडत रडत सगळं बोलून गेली. "मला काय म्हाईत असं हुईल? मी नुसतं बघत हुते खरं हाय का खोटं!"

त्र्यंबकराव पलंगावर बसले. मग म्हणाले, "आपल्याकडं पावणं मिसळ खायला बसलं आणि म्हणालं, तिखट सोसत न्हाय. तू काय करतीस?"

"कट बाजूला देते."

"का? त्याचं पोट उघडून बघतीस व्हय? का चोरून चमचाभर कट घालून बघतीस, खरंच तिखट लागतंय का म्हणून? परक्याच्या शब्दावर तुझा विश्वास बसतो आणि घरच्या माणसाला तू पुरावा मागतीस! अगं, तुला वास गोड लागतो म्हणून तिची छातीसुद्धा तसंच म्हणंल व्हय?"

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? तिकडं ती स्वतःलाच दोष देत बसलीय."

कालिंदीबाईंनी डोळे पुसले. आयुष्यात त्यांना इतकं जड पाऊल कधी उचलावं लागलं नव्हतं. अस्मिताच्या खोलीत त्या उभ्यानंच बोलल्या. बसायचं धाडस झालं नाही.

"लिफ्टमधल्या बायकांच्या अत्तरानं हे झालं न्हाय, अस्मिता. तुझ्या ओढणीला अत्तर मी लावलं. तू खोटं बोलतीस का बघायला."

सौमित्र ताडकन उठला आणि वहिनीकडं न बघता बाहेर निघून गेला. अस्मिता म्हणाली, "मी खोटी ठरले असते तर तुम्हाला आनंद झाला असता ना, ताई?"

"व्हय," कालिंदीबाई म्हणाल्या. "झाला असता."

अस्मिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रागाचं होतंच, पण नुसतं रागाचं नव्हतं. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं! मी घेतली ती काळजी बरोबर होती. मग मी का खोलीत बसू? उद्या बेट येईल तेव्हा मी उतरणार." मग ती म्हणाली, "तुम्हाला माफ केलं असं मी आज म्हणू शकत नाही."

"म्हणू नकोस," कालिंदीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी अवंतिकाबाईंसह सगळ्यांसमोर आपली करणी सांगितली. कुणी हसलं नाही.

रथसप्तमीच्या आधी राजारामपुरीत घरचं हळदीकुंकू झालं. सेंट न लावता, गजरा न माळता या, म्हणून कालिंदीबाईंनी प्रत्येकीला स्वतः फोन केला होता. अत्तरदाणी चकचकीत घासून ताटात ठेवली होती, पण रिकामी. अवंतिकाबाई कुजबुजल्या, "अत्तराशिवाय सुनंसुनं वाटतं की हो."

"वाटू दे," कालिंदीबाई म्हणाल्या. "माणूस दाराबाहेर राहिलं तर त्याहून सुनं वाटतंय."

मंडळी, दुसऱ्याचा त्रास आपल्या नाकाला जाणवत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. त्यानं सांगितलं तेवढं पुरे. पुरावा मागत बसलात, तर तो पुरावा कुणाच्या तरी श्वासावर बेतेल!

इतक्यात दारातून हाक आली, "ताई, उदबत्ती लावलीय का हो?"

तिचा साधा ठसका ऐकला तरी कालिंदीबाईंच्या छातीत अजून धस्स होतं. त्या लगबगीनं उठल्या. "न्हाय गं बाई, लावली न्हाय. आत ये. दाराशी नको, अशी मधी येऊन बस."