रंग नसलेलं औषध

२०१८ सालच्या माघातली ही गोष्ट. त्या वर्षी माधुरीताईंना शहापूरच्या एका छोट्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात सव्वीस वर्षं झाली होती. त्या रुजू झाल्या तेव्हा चिमटे-कात्र्या स्टोव्हवरच्या पातेल्यात उकळत, आणि रोग्याच्या पोटावर तपकिरी आयोडीन असं चोपडत की माणूस नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा दिसे. त्या वासाची ताईंना माया होती. रंग दिसला की औषध लागलं, मनाला खात्री पटायची.

दर गुरुवारी कल्याणहून येणाऱ्या आदेश डॉक्टरांचं म्हणणं निराळं होतं.

"ताई, या केसला तपकिरी नको. क्लोरहेक्सिडिनचं स्पिरिट घेऊ. आत लघवी अडवणारी झडप बसवायची आहे. तिला एकदा जंतू चिकटले की काढूनच टाकावी लागते. कातडीवरचे जंतू याने जास्त मरतात."

"पण ते पाण्यासारखं! कुठं लागलं, कुठं राहिलं, कळायचं कसं?"

"चष्मा पुसून घ्या," डॉक्टर हसले.

झडप बसायची होती ती कुंडलिकला. टोकावड्याच्या आतल्या एका पाड्यावरचा, सत्तरीला टेकलेला भातशेतीवाला. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून लघवी थेंब थेंब गळायची ती थांबेचना. एसटीत बसायची चोरी, लग्नाकार्याला जायची चोरी. पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. शिवेवरच्या वाघोबाला शेंदूर चढवायचा मान त्याच्या घराचा. दर अमावास्येला शेंदूर तेलात कालवून उघड्या तळव्याने दगडावर चोळायचा. ओल्या धोतराच्या माणसाने तिथे हात लावायचा नाही. मुलगा ऋतिक वाशिंदला कारखान्यात, त्याला यात रस नव्हता. दोन वर्षं दगड सुका पडला होता, जुन्या शेंदराचे पापुद्रे गळत होते.

"बाय, मला लय जगायचा नाय," तपासणीच्या दिवशी तो ताईंना म्हणाला होता. "फकस्त कोरडा व्हायचाय."

गुरुवारी सकाळी अकराला त्याला टेबलावर घेतलं. पाठीत इंजेक्शन देऊन बेंबीपासून खालचं अंग बधिर केलेलं. कुंडलिक जागा होता, पण छातीवर हिरवा पडदा लावलेला, त्यामुळे पोट त्याला दिसत नव्हतं. ताईंनी ते बिनरंगाचं औषध बोळ्यावर घेतलं आणि बेंबीखाली चोळायला लागल्या.

कातडी तांबूस होऊ लागली. आधी वाटलं, औषध झोंबलं असेल. मग त्या तांबूसपणाला कडा आल्या. अंगठा. चार बोटं. एक पुरता तळवा उमटला. कोरड्या बोळ्याने पुसलं तर बोळा तेलकट शेंदरी झाला, पण पंजा होता तिथेच राहिला.

हातमोजे काढून ताई बाहेर आल्या. कुंडलिकची बायको बाकावर बसली होती.

"धोंडीबाई, खरं सांगा. काय लावलंत?"

धोंडीबाईने मान खाली घातली. "रागावू नको गो. अंघोळ झाल्यावर पोटावर टिळा लावला. देवाचाच जुना शेंदूर, खोबरेलात. आमच्यातला माणूस सुरीखाली जातो ना, त्याला देवाची खूण लागते."

"टिळा लावलात का अख्खा हात?"

"या बोटानी, येवढासा." तिने आपलं आखूड बोट पुढे केलं.

ताई परत आल्या, नवे हातमोजे चढवले. पंजावर वरून हात धरून पाहिला. मधलं बोट त्यांच्या बोटाहून दोन पेरं लांब होतं.

"बाय," पडद्याआडून कुंडलिक बोलला, "मधला बोट लांब हाय ना?"

ताईंनी हात मागे घेतला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बापाचा हात हाय माज्या. चाळीस वर्सं झाली त्याला जाऊन. अजून दाबून धरलाय त्यानं."

थोड्या वेळापूर्वी तिथेच सुई टोचून पाहिली होती, तेव्हा त्याला काही जाणवलं नव्हतं.

तीनदा पुसलं. पंजा फिकट झाला, गेला नाही. आदेश डॉक्टर हात धुऊन आले आणि बघतच राहिले.

"तपकिरी मारू का?" ताईंच्या तोंडून निघून गेलं. "सगळं झाकलं जाईल."

"झाका, बाय, झाका!" कुंडलिक काकुळतीला आला. "आज उठवलात तर मी परत नाय यायचा."

डॉक्टर ताईंकडे बघून म्हणाले, "कातडी तुम्ही धुता. तुम्हीच सांगा."

कपाटात तपकिरी बाटली हाताशी होती. दोन बोळे फिरवले असते की कोणाला काही दिसलं नसतं. ताईंनी हातातला बोळा खाली ठेवला. "नको. तेलाखाली औषध पोचत नाही. पू झाला तर झडप जाईल, आणि हे कायमचे ओले राहतील. आज नको."

कुंडलिक भिंतीकडे तोंड करून रडला.

घरी गेला असता तर तो परत आला नसता, म्हणून ताईंनी त्याला वॉर्डातच ठेवून घेतलं. रोज सकाळी स्वतः साबणाने त्याचं पोट धुतलं. धोंडीबाईला सक्त ताकीद, हात लावायचा नाही. पंजा रोज थोडा उतरे. पाचव्या दिवशी कातडी स्वच्छ निघाली. त्याच दुपारी, घर बघायला पाड्यावर गेलेल्या ऋतिकचा धोंडीबाईला फोन आला.

"आये, वाघोबाला शेंदूर कुणी चढवला गो? ओला हाय अजून. गावात इचारला, कुणीच नाय बोलत."

पुढच्या गुरुवारी ते पाण्यासारखं औषध पाण्यासारखंच राहिलं. घड्याळ लावून तीन मिनिटं सुकू दिलं, आणि झडप बसली.

आदेश डॉक्टर पुढे नाशिकला गेले. ही केस ते शिकवतात, पंजा सोडून. धोंडीबाई तीन वर्षांनी तापाने गेली. ऋतिकने वाशिंदलाच घर घेतलं. माधुरीताई निवृत्त होऊन खर्डीला राहतात. निवृत्तीपर्यंत त्यांनी तपकिरी बाटली परत उघडली नाही.

कुंडलिक आहे अजून. झडपेला काही झालं नाही. एसटीने मुरबाडच्या बाजाराला जातो, लग्नात पहिल्या पंगतीला बसतो. जखम भरल्यावरच्या पहिल्या अमावास्येला तो शेंदराची वाटी घेऊन शिवेवर गेला होता. दगड आधीच ओला, लखलखीत होता. पुढच्या अमावास्येलाही तसाच. तिसऱ्या वेळी त्याने वाटी नेलीच नाही.

"बापानं त्याचा काम परत घेतला," एवढंच तो सांगतो. "मी कोरडा हाय, पण मला तिथं आता जागा नाय."