काळ्या पोटाची पाणपिसू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या मानेचं पितळ काळवंडलंय, एक स्क्रू ढिला झालाय. पण नजर? ती अजून शाबूत आहे, तेव्हा उगाच कीव करू नका!

मित्रांनो, एका कारागिराने माझं भिंग आठवडाभर घासून बसवलं. मग तीस वर्षं मी तळ्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत राबलो. पुढे मोजणी करणारं यंत्र आलं आणि माझ्यावर कापड पडलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

त्या वर्षी कपडे धुण्याचा एक नवा साबण विक्रीला यायचा होता. त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. धुण्याचं पाणी शेवटी तळ्यातच जाणार. तिथल्या पाणपिसवा, म्हणजे पाण्यात उड्या मारणारे तिळाएवढे जीव, मरतील आणि त्या खाणारी माशांची पिल्लं उपाशी राहतील, असं प्रयोगशाळेत तपासणी करणाऱ्या आमच्या ताईंना वाटत होतं. म्हणून त्यांनी काही बरण्यांत चांदीचं पाणी घेतलं, काहींत स्वच्छ. पण दोन्हीकडच्या पिसवा मेल्या, आणि एकदा नव्हे, दोनदा!

"स्वच्छ पाण्यातही मरतात, म्हणजे दोष चांदीचा नाही, तुमच्या हाताचा," प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले. "आता शेवटची संधी. नाहीतर साबणाला परवानगी."

यंत्राला पिसू मेली की जिवंत, एवढंच कळे. ताईंनी माझ्यावरचं कापड ओढलं. "आजोबा, आता तुम्हीच बघा!"

स्वच्छ पाण्यातल्या एका पिसवेत अजून धुगधुगी होती. पाणपिसवेचं अंग काचेसारखं असतं, खाल्लेलं शेवाळ पोटात हिरवं दिसतं. हिचं पोट मात्र काळंकुट्ट! चांदीचा एकटा कण मलाही दिसत नाही, पण पोटात खूप कण साचले की ते काळे दिसतात, माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

"काका, या बरण्यांत चांदी आली कुठून?" ताईंनी विचारलं.

बरण्या धुणारे काका चिडले. "माझी चूक? अहो, स्वच्छ बरण्यांना मी वेगळा स्पंज ठेवलाय. खास शोधून आणला, जंतू मारणारा!"

ताईंनी वेष्टन वाचलं. 'चांदीच्या सूक्ष्म कणांसह.'

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! जिवापाड घासत होतो हो मी!"

तिसऱ्या वेळी नव्या बरण्या आल्या, साधं सुती फडकं आलं. दोन दिवसांनी स्वच्छ पाण्यातल्या पिसवा टुणटुण उड्या मारत होत्या. चांदीच्या पाण्यातल्या मात्र मरून तळाशी पडल्या होत्या. साहेबांनी स्वतः माझ्या नळीला डोळा लावला. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

"ताई, दोष माझ्या बोलण्याचा होता," ते म्हणाले आणि साबणाची परवानगी तिथेच नाकारली. काय सांगू, आनंदाने माझा ढिला स्क्रूसुद्धा थरथरला! जिंकलो होतो आम्ही! ताई, मी आणि ती काळ्या पोटाची पिसू.

मित्रांनो, 'जंतू मारतो' असं कुठे वाचलंत, तर आणखी कोणाला मारतो, तेही विचारा. आणि म्हाताऱ्यांची नजर वाया घालवू नका. आता माझ्यावर कापड नसतं. काका रोज मला पुसतात, पण फडकं हातात घेतलं की आधी ताईंना हाक मारतात, "यात चांदी नाही ना हो?"