सेट उघडाच आहे

गुरुवारी दुपारी मुख्य संपादकांनी कार्डांच्या गठ्ठ्याला दोरी गुंडाळली, गाठ दातांनी आवळली आणि 'सेट' हा शब्द अखेर बंद झाला. टाळ्या वाजल्या, केक कापला गेला. उपसंपादकाच्या बदलीच्या कागदावर सही झाली आणि शनिवारी तोही बायको-मुलीबरोबर नव्या शहरात जाणार हे नक्की झालं.

यातलं काहीच घडलेलं नाही, असं कार्यालयाने त्याच दुपारी चहाच्या आधी ठरवलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

लोकांच्या तोंडी रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करणारं हे कार्यालय. नियम दोनच होते. पहिला असा की प्रत्येक अर्थाला तीन वाक्यं हवीत, तीन वेगळ्या तोंडांतून ऐकलेली, आणि तीही बोलणाऱ्याला पत्ता न लागता. टेबलाशी बसून रचलेलं वाक्य म्हणजे दुधात पाणी. दुसरा असा की ज्याने शब्द उघडला त्यानेच त्याचे सगळे अर्थ नोंदवून तो बंद करायचा. तोवर बदली नाही, लांब रजा नाही, राजीनामाही नाही.

माणसांना तिथे हातातल्या शब्दानेच हाक मारायची पद्धत होती. उपसंपादक रुजू झाला तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या बाई सायकलबाई होत्या. मग त्या सायरनबाई झाल्या, सूपबाई झाल्या, सूटकेसबाई झाल्या, आणि सध्या सोफाबाई म्हणून सुखात होत्या. उपसंपादकाला पहिल्या दिवशी 'सेट' मिळाला. "लहानसा आहे, हाताला वळण लागेल," असं साहेब म्हणाले होते. तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. आता ती शाळेत जाणार होती, आणि तो अजून सेटच होता.

पोरगा परदेशात सेट होत होता आणि सिमेंट इथेच सेट होत होतं. कोणी केस सेट करत होतं, कोणी गजर. कोणाचं पोट सेट नव्हतं, कोणाचं सासूशी सेट होत नव्हतं. परीक्षेचा पेपर एकाने सेट केला की दुसरा लगेच त्या पेपरवाल्यालाच सेट करत होता. एक अर्थ हातावेगळा करावा तर बसमध्ये मागच्या बाकावरून नवा कानावर पडे. अशा वेळी मागे वळून त्या माणसाचं तोंड दाबावंसं त्याला वाटे. पण त्याऐवजी तो खिशातून कोरं कार्ड काढी.

साहेबांना पाठीमागे सगळे 'इत्यादी' म्हणत, कारण दिसेल तिथे तो शब्द ते लाल पेन्सिलीने खोडत. "इत्यादी म्हणजे कामचुकारपणा," ते म्हणत. त्यांनी स्वतः उमेदवारीच्या काळात उघडलेला 'ॲडजस्ट' अजून त्यांच्या खणात पडून होता. त्यांची बायको कुठे असते, हे कार्यालयात कोणी विचारत नसे.

तर गुरुवारी, म्हणजे जे घडलं नाही त्या गुरुवारी, साहेबांनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाले, "आहाहा! सकाळी ते औषध घेतल्यापासून सगळं कडू कडू लागत होतं. आता कसं तोंड सेट झालं!"

सोफाबाईंनी हातातला तुकडा हळूच बशीत ठेवला. साहेबांचं चावणं मंदावलं, मग थांबलं.

"हा कोणता अर्थ?" त्यांनी विचारलं.

"पोट सेट झालं, त्यातलाच," उपसंपादक घाईघाईने म्हणाला. "बिघडलेलं ताळ्यावर येणे."

"माझं तोंड बिघडलं नव्हतं. कडू झालं होतं."

"साहेब, तुम्ही मुद्दाम बोललात. मुद्दाम चालत नाही."

"मुद्दाम?" साहेबांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "अहो, मला पत्ता तरी होता का?"

नियमाप्रमाणे शब्द परत उघडणं भाग होतं. दातांनी आवळलेली गाठ सुटेना, म्हणून दोरी केकच्याच सुरीने कापली. बदलीच्या कागदावरच्या सहीवर पांढरी पट्टी चिकटवली. केक मात्र पोटात गेला होता. त्यामुळे तो सोफाबाईंच्या वाढदिवसाचा मानण्यात आला आणि सर्वांनी त्यांना शुभेच्छा दिल्या.

"एक तोंड तर मिळालंच आहे," साहेब त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "आता दोनच राहिली."

घरी पुढच्या खोलीत खोके रचलेले होते. बायको जमिनीवर बसून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. नव्या शहरातल्या काचेच्या कारखान्याने तिला तपासणीची अख्खी प्रयोगशाळा सोपवली होती, आणि काच कशी बांधायची हे तिला घरातल्या कोणालाही शिकवू द्यायचं नव्हतं. पुढच्या गल्लीत राहणाऱ्या सासूबाई मदतीला म्हणून आल्या होत्या आणि खुर्चीवर बसून सूचना देत होत्या.

तो दारात उभा राहिला. बायकोने मान वर केली आणि परत खाली घातली.

"निघाला ना आणखी एक?"

"निघाला."

"कोणाच्या तोंडून?"

"साहेबांच्या."

तिने चिकटपट्टी कचकन ओढली. "त्यांच्या तोंडाला ही लावायला हवी होती."

"जावईबापू," सासूबाई पुढे सरसावल्या, "मी देते ना वाक्य. घ्या लिहून. आज माझा जीव अगदी सेट सेट झाला."

"आई, मुद्दाम म्हटलेलं चालत नाही," तो म्हणाला.

"मग मी मुद्दाम नाही म्हणाले, असं लिहा. मी काय तपासायला येणार आहे?"

बायको हसली नाही. घरात गेलं वर्षभर कोणी तो शब्द उच्चारत नव्हतं. ती गजर 'लाव' म्हणे, केस 'बसव' म्हणे, आणि कपांच्या सेटला नुसतंच 'ते सहा' म्हणे. एकदा पाहुण्यांनी विचारलं, मोठा भाऊ कुठे असतो, सेट झाला का? तेव्हा हा जेवता जेवता उठून कार्ड आणायला गेला होता. पाहुणे परत आले नाहीत.

"शनिवारी सकाळी ट्रक येतोय," ती म्हणाली. "सोमवारी हिची शाळा."

"दोनच तोंडं हवीत."

"न सांगता ये."

"शब्द उघडा टाकून?"

"तो काय गॅस आहे? उघडा राहिला तर भडका उडायला?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. हे वाक्य या घरात याआधीही बरेचदा बोललं गेलं होतं, आणि ते ऐकल्यावर ती नेहमी जे करायची तेच तिने आताही केलं. पुढचा कप उचलला.

शुक्रवारी तो दिवसभर दातांच्या दवाखान्यात जाऊन बसला. तोंडाविषयी लोक आणखी कुठे बोलणार? एका आजोबांची कवळी सेट झाली होती, पण तो 'नीट बसणे' म्हणजे जुनाच अर्थ. एका बाईंनी डॉक्टरांची पुढची वेळ सेट केली. कानाशी फोन धरलेल्या एका तरुणाने तर एका दमात तो शब्द चार अर्थांनी वापरला, आणि चारही अर्थ बंद झालेले होते. उपसंपादकाने चारही वेळा कार्ड काढलं आणि परत खिशात घातलं. शेवटी गाल सुजलेला एक माणूस आतून बाहेर आला, गुळणी करून थांबला आणि म्हणाला, "हां, आता तोंड जरा..." उपसंपादकाचा हात खिशाकडे गेला. "...बरं वाटतंय," तो माणूस म्हणाला.

"बरं?" उपसंपादक ओरडला. "नुसतं बरं?"

त्याला बाहेर काढण्यात आलं.

तो संध्याकाळी घरी पोचला तेव्हा पुढच्या खोलीत मुलगी रिकाम्या खोक्याची बोट करून आत बसली होती. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज येत होता. ती नव्या घरमालकीणबाईंशी फोनवर बोलत होती. तो सवयीने दाराशी थबकला.

"नाही हो काकू, सामान काही फार नाही. आम्ही दोघीच. सेट व्हायला थोडे दिवस लागतील, पण होऊ."

त्याचे डोळे चमकले. वर्षभरात पहिल्यांदा बायकोच्या तोंडून तो शब्द पडला होता, अगदी नैसर्गिकपणे पडला होता, आणि बोलणारीला पत्ताही नव्हता! तो चवड्यांवर गॅलरीत गेला आणि त्याने सोफाबाईंना फोन लावला.

"सोफाबाई, ऐका. एकदम ताजं आहे. 'आम्ही दोघीच. सेट व्हायला थोडे दिवस लागतील, पण होऊ.' तोंडाचं नाहीये, पण मजा बघा. हा 'संसार मार्गी लागणे'त घालायचा, की 'नव्या जागेत रुळणे'त? आणि शेवटी नुसतं 'होऊ' आलंय, म्हणजे सेट गिळलाय. गिळलेला सेट आपण धरतो का?"

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"सोफाबाई?"

"परत म्हणा."

त्याने परत म्हटलं, थांबण्याच्या जागांसकट.

"कोण म्हणालं हे?"

"आमची बायको. पण तिला पत्ता नव्हता, त्यामुळे नियमात बसतं."

"सेट," सोफाबाई म्हणाल्या, "दोघीच म्हणजे कोण कोण?"

"म्हणजे ती, आणि..." तो म्हणाला.

आत चिकटपट्टी ओढल्याचा आवाज झाला. मग खोका सरकवल्याचा. मुलीने बोटीचा भोंगा वाजवला.

"रुळणे," सोफाबाई हलकेच म्हणाल्या. "रुळणेत घाला. घालायचंच असेल तर." आणि त्यांनी फोन ठेवला.

तो गॅलरीतून आत आला. खोक्यांवर बायकोच्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. कप. आरसे. हिचे कपडे. माझे कपडे. हिची खेळणी. पुस्तकं. त्याने एकेक वाचलं, मागचे खोके पुढे ओढून तेही वाचले. मग त्याने कपाट उघडलं. दोन कप्पे मोकळे होते. तिसऱ्यात त्याचे शर्ट एकाला एक लावून टांगलेले होते, सगळे कडक इस्त्रीचे.

"महिनाभर पुरतील," बायको मागून म्हणाली. "मग तुझं तू बघ."

"हे कधी केलंस?"

"गेल्या आठवड्यात."

गेल्या आठवड्यात साहेब औषध घेत नव्हते. केकही आणलेला नव्हता. 'सेट' बंद होणार म्हणून सगळं कार्यालय खुशीत होतं.

"काकूंना सांग," तो म्हणाला, "तिघं येणार म्हणून."

"तू सांग." तिने मार्करला टोपण लावलं. "तुझा शब्द बंद झाला की."

ती मुलीला न्हाऊ घालायला घेऊन गेली. तो 'कप' लिहिलेल्या खोक्यावर टेकणार एवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला, "त्यावर नको, फुटतील." तो उठला. खुर्ची बांधून झाली होती, आणि दुसऱ्या खोक्यावर टेकायचं धाडस त्याला झालं नाही. मग त्याने खिशातलं कोरं कार्ड भिंतीवर दाबून धरलं आणि उभ्यानेच, बारीक अक्षरात लिहायला घेतलं.

प्रति, मा. मुख्य संपादक यांस,

सविनय विनंती की, 'सेट' हा शब्द उद्या सकाळपासून पुढील आदेश होईपर्यंत कोणीही, कोठेही, कोणत्याही अर्थाने उच्चारू नये, अशा लेखी सूचना आपल्या स्तरावरून सर्व बोलणाऱ्यांना देण्यात याव्यात. तसेच आज सायंकाळी एका वाक्यात सदर शब्दाच्या अगोदर आलेले 'दोघीच' हे पद 'तिघं' असे ऐकण्यात यावे, व ही दुरुस्ती घरमालकीणबाईंच्या कानात ट्रक निघण्यापूर्वी करून मिळावी, ही नम्र विनंती.