'भिडस्त'चं पान

तिनं लाल पेन्सिलीनं त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'उगम अनिश्चित'. लिहून झाल्यावर मात्र तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. ओळी शब्दकोशाच्या मुख्य संपादकांच्या होत्या, आणि मुख्य संपादक म्हणजे तिचे वडील.

शब्द होता 'भिडस्त'; 'भीड'वरून आलेला, एवढं उघड होतं. तो राजदरबारात जन्मला, तोंड उघडायची चोरी असलेल्या माणसांमुळे रूढ झाला, असं त्यांनी तीस वर्षांपूर्वी एका भाषणात ठणकावून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तिनं तीन महिने जुने कागद पालथे घातले. एकही दाखला हाती लागला नाही. अर्थ मात्र तिन्ही चोख होते: संकोची, समोरच्याचं मन मोडवत नाही असा, हक्काचं मागायलाही कचरणारा. ते लिहिताना वडिलांना फार लांब बघावं लागलं नसणार. कार्यालयात कुणाचंही काम हिच्या गळ्यात पडायचं आणि ही ते मुकाट्यानं उरकायची.

छापखान्याचा माणूस दाराशी ताटकळला होता. शेवटचं प्रूफ आजच जायचं होतं. आज गप्प बसलं तर चूक कोशात कायमची बसणार होती. तिनं पान वडिलांपुढे ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे कुणी खोडलं?"

"मी, सर." नातं दोघंही घरी ठेवून यायची.

"माझं भाषण वाचलंयस ना?"

"वाचलंय. पुरावा नाही सापडला. पुराव्याशिवाय छापायचं नाही, हा नियम तुमचाच आहे."

छापखान्याचा माणूस उगाच पंख्याकडे बघू लागला. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिच्या दुरुस्तीखाली सही केली. तिनं पान घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ते सोडलं नाही. पेन खाली उदाहरणाच्या वाक्यावर गेलं. या कोशात उदाहरण मनानं रचायचं नाही, कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. हे वाक्य त्यांनी स्वतःच शेजाऱ्यांपाशी बोललेलं, ती दहा वर्षांची असताना: 'आमची पोरगी फार भिडस्त, कुणाला नाही म्हणत नाही.'

त्यांनी ते सावकाश, नीट खोडलं.

"दुसरं शोध," ते म्हणाले. "हे आता खरं राहिलं नाही."

मग छापखान्याच्या माणसाला त्यांनी आणखी तासभर बसायला सांगितलं, आणि त्यानं काही विचारलेलं नसताना म्हणाले, "ही माझी मुलगी."