घरच्या माणसाचा कागद

कमलबाई शिंदखेड्याहून सकाळच्या एसटीनं धुळ्याला आली ती एकटीच. डोकं दाखवायला एकटीनं जायचं असतं का? पण दुसरं होतं कोण! नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली. स्वप्नील सुरतेला, सून आणि दोन नातवंडं त्याच्याजवळ. चार खोल्यांच्या घरात ही एकटी, आणि गॅसवर दोनदा करपलेली डाळ.

डॉक्टरीणबाई तरुण होती, दिपमाला नावाची. तिनं कमलबाईला पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, वार-महिना विचारला आणि मग ते पाच शब्द पुन्हा मागितले. कमलबाईनं तीन दिले. उरलेले दोन कुठं गेले ते शोधत तिनं पदरानं घाम पुसला.

"घाबरू नका अक्का," डॉक्टरीण म्हणाली. "विसरायला होतं म्हणणाऱ्या सगळ्यांनाच पुढे तो आजार होत नाही. पण कोणाला होऊ शकतो, ते आधी ओळखता आलं तर बरं. तुम्ही अगदी काठावर आहात. म्हणून हा कागद. हा तुम्ही नाही भरायचा, घरच्या माणसानं भरायचा. दहा वर्षांपूर्वी तुम्ही कशा होता, आता कशा आहात, हे जवळचा माणूसच सांगू शकतो. कोण आलंय सोबत?"

"कोणी नही," कमलबाई म्हणाली. मग घाईघाईनं, "पोरगा शे. फोनवर चालेल का?"

डॉक्टरीण चालेल म्हणाली. फोन लावला आणि टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. स्वप्नील साड्यांच्या दुकानात होता, मागं गिऱ्हाइकांचा गलका. पण पोरगा गुणी हो, बाहेर येऊन उभा राहिला. डॉक्टरीण एकेक प्रश्न विचारू लागली. नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात राहतात? "अहो, दर रविवारी फोनवर आई स्वतःहून सांगते, अमक्याचा वाढदिवस, तमक्याची परीक्षा. मला नाही आठवत तेवढं तिला आठवतं." आधी झालेलं बोलणं? "शब्दन् शब्द! मागच्या रविवारचं सगळं विचारते." घरातली कामं? "परवा श्रावणात कानबाईचे रोट झाले. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे असतात, तेही तिनं आम्ही पोचायच्या आधीच मोजून दळून ठेवले होते. हात तर इतका सढळ की रोट संपता संपेनात."

फरक नाही, फरक नाही, फरक नाही, असं डॉक्टरीण लिहीत गेली.

पण देवीच्या नैवेद्याच्या त्या रोटांचं खरं काय ते कमलबाईलाच ठाऊक. सुरतेची चार धरून घरात माणसं पाच. तिनं मोजले नऊ जणांचे. धन्याच्या नावानं मूठ टाकली, सासू-सासऱ्यांच्या नावानं टाकली, पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या धाकट्या दिराच्याही नावानं टाकली, आणि टाकताना ती सगळी माणसं घरात हिंडताहेत असंच वाटलं. पीठ मळताना परात भरून वाहायला लागली तेव्हा कुठं उजेड पडला. पोरं हसली, सून सुलक्षणा म्हणाली, आईंचा हात मोठा. सोमवारी सगळी सुरतेला निघून गेली. रोट भाऊबंदांशिवाय कोणाला द्यायचे नाहीत, पुनवेआधी संपवायचे, आणि इथलं भाऊबंदांचं शेवटचं घरही कधीच नाशिकला गेलेलं. मग हिनं दार लावून चार दिवस दुधात कुस्करून एकटीनं खाल्ले. मेलेल्यांच्या वाटचे घास होते ते.

गप्प बसली असती तर कागद चांगला निघाला असता. पण मग इथवर यायचं कशाला? आपलं डोकं अजून किती दिवस आपलं आहे, एवढंच तर तिला जाणून घ्यायचं होतं.

"थांब रे भाऊ," ती फोनकडं वाकून म्हणाली. "वाढदिवस, परीक्षा, तुनं बोलणं, ते बठ्ठं कॅलेंडरवर लिखेल शे. तुना फोन येवाना आधी मी वाचस. तू काळजी करशी म्हणून." आणि रोटांचंही सांगून टाकलं, नऊ जणांचं.

"मिस्टर स्वप्नील, हे साधारण कधीपासून?" डॉक्टरणीनं विचारलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मॅडम, मी वर्षातून दोन दिवस जातो. माझी उत्तरं खोडा. सगळीच खोडा." मग म्हणाला, "आई, तू इकडे ये ना." ते त्यानं मनापासून म्हटलं, पण सुरतेच्या दोन खोल्या कमलबाईनं पाहिल्या होत्या, आणि त्यानंही पुन्हा म्हटलं नाही.

डॉक्टरणीनं सगळा रकाना खोडला आणि तसाच नवा कोरा कागद पुढं केला. "याच्यावरून मला काहीच सांगता येणार नाही अक्का. महिन्यानं या. मुलगा नसला तरी चालेल, शेजारचं कोणी आणा. फक्त तुम्हाला रोज बघणारं हवं."

कोरा कागद पिशवीत घालून ती गाडीत बसली. वाटेतलं सोनगीर मागं पडलं तशी तिनं गल्लीतली घरं एकेक करून आठवायला घेतली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून स्वतःच्या ओट्यापर्यंत सतरा दारं, कोणाचं कुठलं, आत कोण कोण, एकही चुकलं नाही. तिला रोज बघणारं, महिन्यानं सोबत नेता येईल असं माणूस मात्र त्या सतरा दारांत एकही सापडलं नाही.